जमिनीखालची शीळ

१

रायभान धनगराच्या डोक्याला उजव्या कानाच्या वर असं भोक पडलं होतं, की माणसाचा अंगठा त्यात सहज गेला असता. सिताराम जमादारानं ते वाकून नीट पाहिलं. पण फौजदारसाहेब बोलत होते, आणि साहेब बोलत असताना आपण बोलू नये हे सितारामला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. त्या शिकवणीला आग लागो, असं त्यानं पुढं स्वतःलाच ऐकवलं, पण ते पुढं.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. पालमपासून सात मैलांवर, माळाच्या कडेला बसलेलं बोरखडी गाव. आबासाहेबाच्या शेतात बोअर घ्यायचा म्हणून कमरेएवढा खड्डा खणून ठेवला होता. त्या खड्ड्यात रायभान पालथा पडला होता, आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याचा पोरगा भुजंग गुरासारखा हंबरत होता. शेजारी भुजंगाची कुऱ्हाड पडलेली. पात्याला रक्त.

"झालं!" फौजदार म्हणाले. "मुडदा, हत्यार आणि खुनी, तिन्ही एका जागी. उचला त्याला."

"सायेब, ते रगत मेंढीचं हाय," भुजंग ओरडला. "सकाळी अडलेली मेंढी कापावी लागली..."

पुढचं वाक्य काठीनं अडवलं. तीन माणसं बघत होती तरी फौजदारांनी त्याला तिथंच खड्ड्याच्या काठावर तुडवला. भुजंग मोठा उंचापुरा गडी, पण बापाचं डोकं हातातून सुटू नये म्हणून त्यानं एकही फटका चुकवला नाही.

फौजदारांना घाई होती. औरंगाबादला नामांतराचा मोर्चा, त्याच्या बंदोबस्ताचा हुकूम येऊन पडलेला. परवा निघायचं. त्याआधी उद्या सकाळी आरोपीला कबुलीसकट परभणीला न्यायचा, की फाईल बंद. कारणही गावानं आयतं दिलं होतं. चार दिवसांपूर्वी भर चावडीत बापलेकांची झोंबाझोंबी झाली होती. भुजंगाला वीस मेंढ्या विकून दोन एकरांत बोअर घ्यायचा होता, आणि रायभान म्हणत होता, माझ्या जित्या जिवात एक शेपूट विकू देणार नाही.

रात्रभर गावातल्या दोन खोल्यांच्या औटपोस्टात भुजंगाचा आवाज येत राहिला. सितारामनं काय केलं? उठून खिडकी लावून घेतली. बस्स, एवढंच केलं.

सकाळी तो बाहेर आला तेव्हा पायरीवर म्हाळसाबाई बसलेली. रायभानची बायको, भुजंगाची आई. डोळे कोरडे, कपाळ पुसलेलं.

"जमादारसायेब, माझं एक गेलं. दुसरं तरी राहू द्या."

"बाई, माझ्या हातात काय हाय?"

"हात तर हायेत न्हवं तुमाला?" ती म्हणाली. मग आवाज उतरवून बोलली, "एक गोष्ट कुणाला सांगितली न्हाई. भुजंगाचे बाप मरायच्या आदल्या सांजंला घरी आले, भाकरीवर बसले आन् म्हणले, म्हाळसा, म्या आज जमिनीखालून मलाच ऐकलं."

"म्हंजे?"

"म्या बी तेच इचारलं. हासले. म्हणले, उद्या सांगतो, गंमत होईल. दुसऱ्या दिशी धरणीनं बोलवून घेतलं की त्यान्ला."

२

धरणीमाय बोलावते, असं गावातली म्हातारी माणसं म्हणत होती. सितारामचं लक्ष मात्र 'जमिनीखालून ऐकलं' या शब्दांवर अडकलं. कारण जमिनीखालचं ऐकवणारं यंत्र गावात आलेलं होतं, आणि त्यानं स्वतः ते ऐकलं होतं.

आठ दिवसांपूर्वी एक पांढरी मॅटाडोर चावडीसमोर, ओढ्याकडं पाठ करून उभी राहिली. टपावर कर्णा. आत इंजिनिअर चंद्रभान: सफारी सूट, खिशाला चार पेनं, पुण्याच्या कंपनीचं कार्ड. बरोबर ड्रायव्हर दत्तराव. शेतात चार लोखंडी मेखा ठोकायच्या, त्यांना तारा जोडायच्या, तारा एका दिवेवाल्या पेटीत घालायच्या आणि शेतकऱ्याच्या कानाला हेडफोन लावायचा. काटा हलला, हिरवा दिवा लागला, की कानात पाणी वाजायचं. खळखळ, खळखळ! आयुष्यभर कोरडा मुरूम उकरलेल्या माणसाच्या कानात पाणी वाजलं तर तो काय करील? सितारामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं. भावाच्या शेतातल्या पॉइंटसाठी त्यानंही आगाऊ रक्कम मोजली होती. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं.

सिताराम गाडीपाशी गेला तेव्हा चंद्रभान तार गुंडाळत होता. अंगठ्यातून कोपराखाली, कोपराखालून अंगठ्यात, बघता बघता नीट वेटोळं झालं. बोलताना त्याचं हाताकडं लक्षही नव्हतं.

"जमादारसाहेब, फार वाईट झालं. बापाला मारायचं म्हणजे काय! तुमच्या इकडची माणसं फार तापट."

"काल सांजंला तुमी कुठं होता?"

चंद्रभान हसला. "हे तुम्ही विचारता? सूर्य कासराभर वर होता तेव्हा माझं भाषण सुरू झालं, ते दिवस बुडेपर्यंत. पाऊण तास. गाडीच्या आत, दार लावून; कारण यंत्र उघडं ठेवता येत नाही. अख्खं गाव समोर बसून माझा आवाज ऐकत होतं. दत्तरावला विचारायचं तर तो इथं नव्हता, पालमला बॅटरी चार्जिंगला घेऊन गेला होता."

खरं होतं. अर्ध्या गावानं तेच सांगितलं होतं.

मेखा गाडीच्या चाकाला टेकवून ठेवलेल्या होत्या, हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड. तिघींच्या अंगावर तांबडी माती वाळलेली. चौथी स्वच्छ, तेल लावून पुसलेली. सितारामनं पाहिलं. चंद्रभाननं त्याला पाहताना पाहिलं.

"गंज चढतो," तो म्हणाला. "आळीपाळीनं पुसतो."

गाडीमागं तीन दगडांची चूल होती. परतताना सितारामचा बूट राखेत पडला आणि काहीतरी कडकड वाजलं. वितळून गोळा झालेलं काळं प्लास्टिक, आणि त्यात अडकलेलं करंगळीच्या नखाएवढं पांढरं दातेरी चाक. घड्याळाचं असेल म्हणून त्यानं ते खिशात टाकलं.

औटपोस्टाच्या वळणावर येतो न येतो तोच आतून किंकाळी आली. अशी, की पायरीवरची म्हाळसाबाई उठून दाराला धडका देऊ लागली.

३

भुजंगाचे पुढचे चार दात फरशीवर पडले होते. वरचे दोन, खालचे दोन. फौजदार काठी पुसत होते.

"दुपारपर्यंत अंगठा उठवतो की नाही बघ," ते म्हणाले. "नाही उठवला तर अंगठाच राहणार नाही."

"साहेब, जखम कुऱ्हाडीची न्हाई," सिताराम पहिल्यांदा बोलला. "कुऱ्हाड चीर पाडती. हे गोल भोक हाय."

"पेन्शनीला किती वर्षं राहिली, जमादार?"

"दोन."

"मग नीट काढा."

सिताराम बाहेर आला. पायरीवर म्हाळसाबाईची आणि त्याची नजरानजर झाली. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली. तिथून तो निघाला तो तडक आबासाहेबाच्या घरी. पेन्शन गेली चुलीत!

आबासाहेब गावातला मोठा शेतकरी. मेंढरं त्याच्या पिकात शिरली म्हणून मागच्या महिन्यात त्यानं रायभानला जिवंत पुरायची भाषा केली होती, आणि मुडदा सापडला तोही त्याच्याच शेतात.

"म्या पुरीन म्हणलो व्हतो, पुरला न्हाई," आबासाहेब भडकला. "काल म्या भाषणाला म्होरल्या रांगेत बसलोतो. इचारा कुणाला बी."

"तुमच्या शेतात यंत्रानं पहिल्याच दिवशी पाणी दावलं म्हणं."

आबासाहेब एकदम अडकित्ता शोधू लागला.

"तिथं तुमचा जुना बोअर व्हता, आबासाहेब. सत्तरच्या साली घेतलेला. वरून दगड टाकून बुजवलेला. म्या तवा इथंच शिपाई व्हतो."

"इंजिनेर म्हणला, फुकट पंप बसवून देतो," आबासाहेब खाली मान घालून पुटपुटला. "लोकांचा भरवसा बसाया पाहिजे म्हणला. खुनाचं मला काय बी ठावं न्हाई, देवाशप्पत."

खोटा माणूस होता, पण हे खरं वाटलं. आणि तो पहिल्या रांगेत होता हे वीस जणांनी पाहिलं होतं.

तिथून निघाला तर गावातली धुरपताबाई ओढ्यावरून शेण गोळा करून येताना भेटली. "काल भोंगा सुरू झाला न्हवं का, तवाच रायभानदादा बांधावरून जायला व्हता. म्या म्हणलं, दादा, भाषणाला न्हाई का? म्हणला, भाषण करणाराच मला भेटायला यायलाय. येडंवाकडं बोलायची त्याची सवयच व्हती."

म्हणजे भाषण सुरू झालं तेव्हा रायभान जिवंत होता, आणि संपलं तेव्हा भुजंगानं त्याला खड्ड्यात पाहिला. त्या पाऊण तासातच काम झालं. आणि त्या पाऊण तासात भाषण करणारा गाडीत भाषण करत होता! सितारामनं डोक्यावरची टोपी काढून वारा घेतला. त्याचं डोकं चालेना.

वाटेत किशनरावाचं घर. कालच त्याची आई लक्ष्मीबाई वारली होती. किशनराव सुतकात ओसरीवर एकटा बसलेला. सिताराम अंगणात उभा राहून दोन शब्द बोलला, तसा किशनरावाचा बांधच फुटला.

"जमादार, माझ्या मायीची मयत चावडीवरून नेली. समदं गाव उठून उभं राहिलं, टोप्या काढल्या. आन् ह्यो मादरचोद इंजिनेर! भोंगा चालूच. पाण्याचे पॉइंट, पाण्याचे पॉइंट! लग्नाचा भोंगेवाला बी मयत दिसली की बटन बंद करतो. म्या तिरडी खाली ठेवून गाडीच्या दारावर बुक्क्या मारल्या. थांब म्हणलं, भाड्या, माझी माय चाललीय. ऐकंना. लय मस्ती आली त्याला."

"दार उघडलं न्हाई?"

"उघडतोय कशाचा! बोलायचं बी थांबला न्हाई."

सिताराम तिथंच उभा राहिला. खिशातलं दातेरी चाक त्यानं बाहेर काढलं आणि बराच वेळ तळहातावर धरून पाहिलं.

४

चंद्रभानला जबाबासाठी औटपोस्टात बसवून ठेवायला त्यानं शिपायाला सांगितलं, आणि स्वतः मॅटाडोरकडं आला. ड्रायव्हर दत्तराव चाकाला टेकून विडी ओढत होता.

"माझे पैसे भरलेत," सिताराम म्हणाला. "पॉइंट दाव. आत्ता."

"साहेब नाहीत, जमादार..."

"तू हायेस न्हवं? चल."

दत्तरावनं पुसलेली मेख गाडीपाशीच सोडली, बाकीच्या तीन ओढ्याकाठी ठोकल्या, तारा जोडल्या. सितारामनं हेडफोन लावला. खळखळ सुरू झाली. तेच पाणी, तेच गोड. या वेळी त्यानं डोळे मिटले नाहीत, आणि पाण्याच्या आवाजापलीकडं कान लावला. पाण्याच्या मागं, लांब कुठंतरी, एक बारीक सूर होता. वर चढणारा, मग दोनदा तुटणारा. मागच्या खेपेला हा धरणीचा श्वास असं चंद्रभाननं त्याला सांगितलं होतं, आणि अठ्ठावीस वर्षांचा जमादार मान डोलावत बसला होता!

त्यानं वळून हाक मारली. म्हाळसाबाई बाभळीआड उभी होती. त्यानंच तिला आणून उभी केली होती.

"माय, हे कानाला लाव. भिऊ नको."

हेडफोन पदरावरूनच तिच्या कानांना लावला. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. मग तिचा चेहरा असा झाला, की सितारामला वाटलं आपण फार वाईट काम केलं.

"बाप्पा!" ती म्हणाली. "हे तर... हे तर मालक हायेत. ही त्यांची पाणी पाजायची शीळ हाय. अशी वर जाती आन् दोनदा तुटती. तसं कुणालाच जमत न्हाई, एक भुजंगाला सोडून." तिनं दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला. "अवो, कुठं हाव? जमिनीखाली काय करायलाव? वर या की!"

सितारामनं तिला बोलू दिलं. 

"माय, नीट ऐक. अजून काय वाजतंय?"

"गळ्यातला घाट वाजतोय, घंटा," ती रडता रडता म्हणाली. "आमच्या चांदीचा. आमची म्होरकी शेळी. फुटका घाट व्हता, खडखड वाजायचा." एकाएकी तिनं हेडफोन कानावरून काढला. हुशार बाई. "पर चांदीला तर लांडग्यानं नेलं. गेल्या पुसाच्या महिन्यात. आमी चारठाण्याला बसलोतो, देवळाम्होरल्या ओढ्यावर. घाट बी गेला तिच्यासंगं."

"म्हंजे हे गेल्या पुसाच्या आधी चारठाण्यात वाजलं. आन् आता बोरखडीच्या जमिनीखालून वाजतंय."

सितारामनं पेटीला लाथ घातली. एकच, पण मनापासून. झाकण उडालं. आत दोन सेल, चार दिवे आणि एक टेपरेकॉर्डर. कॅसेट फिरत होती. तिच्या मधोमध दोन पांढरी दातेरी चाकं होती. खिशातल्या चाकाची सख्खी भावंडं!

दत्तराव पळायला निघाला. सितारामनं एक मेख उपटून त्याच्या पायात फेकली. तो तोंडावर आपटला, नाक फुटलं.

"म्या पालमला व्हतो!" तो रक्त गिळत ओरडला. "तिकीट हाय माझ्यापाशी! रक्ताचं मला काय बी इचारू नका, तो मला जित्ता ठेवायचा न्हाई!"

"बोलू नको," सिताराम म्हणाला. "तुझ्या तोंडून मला काही नकोच. आरोपीच्या गड्यानं सांगितलं तर साहेब म्हणतील, मारून वदवलं. मला त्याच्या तोंडून पाहिजे." त्यानं दत्तरावला बाभळीला बांधला, तोंडात त्याचाच रुमाल कोंबला.

औटपोस्टातून शिपाई धावत आला. "जमादार, लवकर चला! साहेबांनी जीप काढलीय. भुजंगाला आत्ताच न्यायलेत. शुद्धीत न्हाई तो. अंगठा उठवून घेतला."

५

जीप चावडीसमोर आली तेव्हा सिताराम रस्त्याच्या मधोमध उभा होता. मागं गाव. जीपच्या मागच्या बाजूला भुजंग पोत्यासारखा टाकलेला, अंगठ्याला शाई. फौजदार खाली उतरले. त्यांचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला.

"नोकरी जाईल, जमादार."

"जाऊ द्या. एकच सवाल इचारू द्या, साहेब. खुन्याला न्हाई, इंजिनेरसाहेबांना इचारायचाय. मग खुशाल न्या."

गाव समोर होतं म्हणून फौजदार थांबले. चंद्रभानही शिपायासोबत आला होता, रुमालानं मान पुसत. लांब पिंपळाखाली, कुणाला शिवणार नाही असा, किशनराव उभा होता.

"चंद्रभानराव," सिताराम सहज बोलला, "तुमच्याबद्दल गावात वाईट बोलायलेत. काल लक्ष्मीबाईची मयत तुमच्या गाडीला घासून गेली. तुमी आत व्हता. काय केलं तुमी तवा?"

चंद्रभाननं क्षणभर विचार केला. धोका त्याला दिसला नसावा. दिसला असेल तर उलट्याच बाजूला, गावाच्या रागाचा. सुटाखालचा जुना माणूस वर आला.

"काय करणार? भोंगा बंद केला. मयत लांब जाईपर्यंत हात जोडून उभा राहिलो. एवढी रीत नाही का मला?"

चावडीवरची डोकी एकमेकांकडं वळली. मग पिंपळाखालून किशनराव ओरडला, "खोटं! तुझा भोंगा थांबला न्हवता! म्या दारावर बुक्क्या मारल्या!"

"न्हवता थांबला!" आबासाहेबसुद्धा उठून बोलला. "आमी समद्यांनी ऐकलंय."

"शक्यच नाही!" चंद्रभान लाल झाला. त्याच्या धंद्यावर कुणी थुंकलं होतं. "वीस वर्षं भोंगा वाजवतोय म्या चारठाण्यात! मयतीवर कधी वाजवला न्हाई! म्या असतो तर थांबवलाच असता!"

आपण काय बोललो ते त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

"असता तर," सिताराम म्हणाला. "ऐकलं ना, साहेब? पुण्याचा इंजिनेर भोंगेवाल्यावानी कोपराला तार गुंडाळतो तवाच वळखायला पाहिजे व्हतं. गाडीत हा न्हवताच. ह्याची कॅसेट बोलत व्हती. कॅसेटला मयत दिसत न्हाई, अन् बुक्क्या ऐकू येत न्हाईत. हा मागच्या दारानं ओढ्यात उतरला, आन् रायभानला सांगितल्या जागी गाठलं. कारण पेटीतलं पाणी ह्यानं चारठाण्यात रायभानच्या मेंढरांम्होरं भरून घेतलं, आन् रायभाननं स्वतःची शीळ वळखली. बाप मेंढरं विकू नको म्हणून पोराला हेच सांगणार व्हता. कॅसेट चुलीत जाळली, त्याचं चाक हे बघा. मेख पुसून ठेवली, पर भोकाचं माप पुसता येत न्हाई."

चंद्रभाननं शिपायाला ढकललं आणि गाडीला टेकवलेली मेख उचलली. पहिला वार सितारामनं हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू आला. दुसरा वार डोक्याला होता, पण तेवढ्यात म्हाळसाबाईनं मागून त्याच्या झिंज्या धरून खाली ओढलं, आणि मग गाव तुटून पडलं. जोडे, दगड, जुवाच्या लाकडी शिवळा. ज्यांनी ज्यांनी कानात पाणी ऐकून डोळे पुसले होते ते सगळे. चंद्रभानचा एक डोळा फुटला. कुणीतरी त्याच्या छातीवर पाटा आदळायला उचलला.

सिताराम मोडक्या हातानिशी त्याच्या अंगावर पालथा पडला.

"मारू नका!" तो बोंबलला. "अरे, हा मेला तर भुजंगाला सोडवणार कोण? कबुली कोण देणार? मला मारा, पर ह्याला जित्ता ठेवा!"

पाटा तसाच हवेत राहिला. खाली चंद्रभान रक्ताच्या गुळण्या करत पुटपुटत होता, "म्या म्हणलं व्हतं त्याला, मिटवून टाकू. पैसे देतो. तर हासला. म्हणला, पैसे नको, माझ्या पोराला फकस्त खरं सांग. तेवढं म्या कसं सांगणार व्हतो? हासू नको म्हणलं, तरी हासतच व्हता."

म्हाळसाबाईनं ते सगळं ऐकलं. मग ती उठली, जीपच्या मागं गेली आणि फौजदारांकडं न बघता भुजंगाला दोन्ही काखांत धरून खाली ओढू लागली. फौजदार बाजूला झाले. ते बंदोबस्ताला वेळेवर पोहोचले.

६

आठव्या दिवशी सिताराम गळ्यात हात बांधून नदीवर गेला. पात्र कोरडं, मधोमध उकरलेल्या झिऱ्यात गुडघाभर पाणी. रायभानची मेंढरं काठावर उभी होती. जीभ ओली करायची, मान वर करायची आणि परत उभं राहायचं.

"असंच करायलेत," म्हाळसाबाई म्हणाली. "शिळीबिगर पोटभर पीत न्हाईत. दोन कोकरं गेली."

भुजंग काठीला टेकून उभा होता. सूज उतरली होती, पण तोंड वाकडंच. त्यानं ओठ पुढं केले, फुंकर घातली. दात नव्हते तिथून नुसतीच हवा आली, आणि थोडी लाळ. पुन्हा घातली. मेंढरांनी माना वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि परत तशीच उभी राहिली. भुजंग मटकन खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

"सायेब," म्हाळसाबाईनं विचारलं, "ती कॅसेट द्याल का? एकडाव वाजवते."

"ती लाखेनं बंद झाली, माय. कोर्टात. निकाल लागेपर्यंत न्हाई."

"किती दीस?"

"वर्षं म्हण."

सितारामला त्या रात्रीची खिडकी आठवली. ती आपण आपल्या हातानं लावली. वेळेवर एक शब्द बोललो असतो तर हे चार दात वाचले असते. खुनी सापडला, पेपरात नाव आलं, पण हे चार दात आपल्याच खात्यावर. त्याला तिथं उभं राहवेना, आणि निघूनही जाववेना.

म्हाळसाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. बाईमाणसानं शीळ घातली की घरात अवदसा येते, असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. तिनं तोंडावरचा पदर बाजूला केला, झिऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन ओठ ओले केले.

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा थोडा सूर निघाला आणि फाटला. तिसऱ्यांदा तो वर चढला, डगमगला, आणि दोनदा तुटला.

म्होरक्या मेंढीनं मान खाली घातली. मग सगळ्यांनी. भुजंगानं तोंडावरचे हात काढून आईकडं पाहिलं. ती थांबली नाही. दम लागला तरी शीळ घालत राहिली, शेवटचं मेंढरू पिऊन काठावर चढेपर्यंत.

सितारामनं चांगल्या हातानं टोपी काढली आणि शीळ थांबेपर्यंत ती हातातच धरून उभा राहिला.